झांझिबारचे संरक्षित सिंहासन

दार-ए-सलामचा किनारा दृष्टीआड झाल्यावर दोनएक तासांत झांझिबारचे बेट समोर येते, आणि नौका बंदराकडे वळू लागली की जुन्या नगराची समुद्राभिमुख रांग, प्रथम एक अखंड शुभ्र रेषा म्हणून आणि मग एकेक वास्तू आपापल्या छज्ज्यांनिशी व कमानींनिशी पृथक होत, प्रवाशाच्या नजरेत भरते. बंदराजवळ जुना दवाखाना, त्याच्या पुढे सुलतानांचा राजवाडा, त्याच्या शेजारी सुलतान बरगाश यांनी 1883 साली उभारलेले ‘बैत-अल-अजाइब’ हे भव्य दरबारगृह, पलीकडे ओमानी अरबांचा काळवंडलेला किल्ला आणि या सर्वांच्या समोर फोरोधानीची बाग, असा हा क्रम आहे. पायी थोड्याच वेळात ओलांडता येणाऱ्या एवढ्याशा पट्ट्यात एका अरब राजघराण्याचा उदय, वैभव, पराधीनता आणि अंत हे चारही अंक घडले. आणि त्यांपैकी पराधीनतेचा सर्वांत दीर्घ काळ ज्यांच्या नावे नोंदला गेला, त्या सय्यद खलिफा बिन हारूब यांच्या चरित्राचा त्यांच्याच नगरात मागोवा घ्यावा, या हेतूने मी या बेटावर उतरलो होतो.

सय्यद खलिफा 9 डिसेंबर 1911 रोजी गादीवर आले आणि 9 ऑक्टोबर 1960 रोजी मृत्यूनेच त्यांना त्या गादीवरून उठविले. या सुमारे एकोणपन्नास वर्षांत दोन महायुद्धे होऊन गेली, तुर्कांची खिलाफत संपुष्टात आली, हिंदुस्थान स्वतंत्र झाला, इंग्लंडच्या सिंहासनावर चार राज्यकर्ते आले. झांझिबारच्या मसनदीवर मात्र तेच एक गृहस्थ, तीच शुभ्र दाढी आणि तोच फेटा, अढळ राहिले. इतके दीर्घ राज्य करणाऱ्या पुरुषाच्या हाती वस्तुतः राज्य किती होते, आणि जे नव्हते त्याच्या अभावी त्यांनी आपले आयुष्य कसे व्यतीत केले, हा प्रश्न मला फार दिवस खुणावीत होता.

मुंबईकडून जाणाऱ्या माणसाला या नगरात फारसे परकेपण जाणवत नाही. अरुंद गल्ल्या, पितळी खिळ्यांची कोरीव दारे, रस्त्यावर झुकलेले लाकडी सज्जे, पेढ्यांवरील जुनी गुजराती नावे आणि शांगानी भागातील कॅथलिक देवालय यांतून पश्चिम हिंदुस्थानचा किनारा पदोपदी डोकावतो. हे नाते केवळ व्यापाराचे नव्हते. इंग्रजांचा येथील पहिला वकील हॅमर्टन 1841 साली आला तो मुंबईच्या पलटणीतील अधिकारी होता. मस्कत व झांझिबारचे सुलतान सय्यद सईद यांच्या पश्चात त्यांच्या पुत्रांत वारसाहक्काचा कलह माजला तेव्हा बंडात पराभूत झालेले बरगाश यांना मुंबईसच स्थानबद्ध म्हणून पाठविण्यात आले. मुंबईच्या त्या वास्तव्यानंतर पुढे सुलतान झाल्यावर त्यांनी नगरात नळाचे पाणी आणले. आणि मस्कत व झांझिबार ही दोन राज्ये कायमची विभक्त करून, झांझिबारने मस्कतला दरसाल 40,000 रियाल द्यावेत असा 1861 चा निवाडा ज्याने दिला तो लॉर्ड कॅनिंग हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. येथील व्यवहारातही हिंदी रुपया रुजलेला होता. खलिफांच्या कारकिर्दीतील पहिली पंचवीस वर्षे त्यांच्या सरकारच्या नोटा रुपयांच्याच असत, आणि 1936 साली त्यांची जागा पूर्व आफ्रिकी शिलिंगने घेतली.

ज्या राजवाड्यात खलिफा राहिले त्याच्या भिंती पाहताना 27 ऑगस्ट 1896 ची सकाळ विसरता येत नाही. सहा वर्षांपूर्वी, 1890 साली, इंग्लंड व जर्मनी यांनी पूर्व आफ्रिकेची वाटणी करताना झांझिबार इंग्रजांच्या संरक्षणाखाली आले होते. इंग्रजांच्या संमतीविना गादीवर कोणी बसू नये, ही त्या संरक्षणाची मुख्य अट होती. ती झुगारून बरगाश यांचे पुत्र खालिद यांनी वाड्याचा ताबा घेतला, तेव्हा बंदरात उभ्या असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांनी सकाळी नऊच्या सुमारास तोफा डागल्या आणि चाळीसएक मिनिटांत वाडा उद्ध्वस्त, सुलतानाचे जहाज तळाशी आणि वाड्यातील शेकडो माणसे मृत वा जायबंदी, असा निकाल लागला. जगातील सर्वांत अल्पकालीन युद्ध म्हणून या चकमकीची नोंद पुस्तकांतून कौतुकाने केली जाते. परंतु त्या घराण्यातील प्रत्येक पुढील वारसाने त्या चाळीस मिनिटांतून जो धडा घेतला असेल त्याची नोंद कोणी केली नाही. त्या वेळी खलिफा सतरा वर्षांचे होते आणि मस्कतहून झांझिबारला येऊन त्यांना तीन वर्षे झाली होती.

त्यांचा जन्म 1879 साली मस्कत येथे झाला. ओमानचे सुलतान सय्यद थुवैनी हे त्यांचे आजोबा. थुवैनींचा अंत 1866 साली त्यांच्या स्वतःच्याच पुत्राच्या हातून झाला होता, म्हणजे सत्तेच्या मोहाने रक्ताचे नाते कसे तुटते याची आठवण या घरात ताजी होती. झांझिबारला सुलतान हमूद यांची कन्या सय्यदा मतूका हिच्याशी 1900 साली त्यांचा विवाह झाला. हमूद यांच्यामागून आलेले त्यांचे पुत्र अली इंग्लंडात हॅरो येथे शिकलेले. वयात येईपर्यंत त्यांच्या नावाने कारभार एका इंग्रज मुखत्याराने पाहिला, आणि पुढेही पदोपदी आडवी येणारी ती परकी मर्जी त्यांना सोसवेना. अखेर युरोपात असतानाच 1911 साली त्यांनी पदत्याग केला आणि 1918 साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. गादी त्यांच्या भगिनीच्या पतीकडे, खलिफांकडे आली. एक तोफांनी पदच्युत झालेला आणि दुसरा उद्वेगाने निघून गेलेला, असे दोन वारस खलिफांच्या दृष्टीसमोर होते. त्यांनी तिसरा मार्ग पत्करला. तो म्हणजे संयमाने टिकून राहण्याचा.

राजवाड्याचे आता संग्रहालय झाले आहे. खालच्या दालनांत तहनामे, तसबिरी आणि शिसवी आसने आहेत. जर्मन व्यापाऱ्याशी विवाह करून 1866 साली बेट सोडून गेलेल्या आणि पुढे आपल्या आठवणी लिहून कीर्ती पावलेल्या राजकन्या सलमा यांना वाहिलेली एक खोली आहे. आणि वरच्या मजल्यावर खलिफांचा व त्यांच्या पत्नींचा निवास आहे. तेथे उभे राहिल्यावर मन चकित होते ते ऐश्वर्याने मुळीच नव्हे, तर साधेपणाने. पलंग, कपाटे, आरसे, सारे एखाद्या सुस्थित व्यापाऱ्याच्या घरात सहज सामावेल असे. खिडकीतून मात्र समोर अथांग निळा समुद्र आणि त्यावरून जाणारी शिडाची गलबते दिसतात. याच समुद्रावर एके काळी या घराण्याचे आरमार मस्कतपासून किल्व्यापर्यंत फिरत होते. मोंबासा व त्यालगतची दहा मैल रुंदीची किनारपट्टीही कागदोपत्री अखेरपर्यंत खलिफांच्याच मालकीची होती. तेथील किल्ल्यावर त्यांचा निखळ लाल ध्वज फडकत असे आणि इंग्रज सरकार त्या पट्टीबद्दल दरसाल खंड भरीत असे; पण तेथे एक शिपाई नेमण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

कारभाराची यंत्रणा शेजारच्या बैत-अल-अजाइबमध्ये होती. 1911 नंतर ते दरबारगृह सरकारी कचेरी झाले. मी गेलो तेव्हा ते बंद होते आणि बाहेरूनच त्याचे लोखंडी स्तंभ व प्रचंड सज्जे पाहून समाधान मानावे लागले. पुढे 2020 च्या डिसेंबरात त्याचा एक भाग कोसळला. 1913 साली झांझिबारचा कारभार इंग्लंडच्या परराष्ट्र खात्याकडून वसाहत खात्याकडे गेला, वकिलाच्या जागी रेसिडेंट आला, आणि 1925 पर्यंत हा रेसिडेंटही केनियाच्या गव्हर्नरच्या देखरेखीखाली असे. कायदे निघत ते सुलतानांची फर्माने म्हणून. परंतु रेसिडेंटची प्रतिस्वाक्षरी हा त्यांचा प्राण होता. 1926 साली कार्यकारी व विधिमंडळे स्थापन झाली. कार्यकारी मंडळाचे अध्यक्षपद सुलतानांस दिले गेले, आणि मसुदे मात्र रेसिडेंटच्या दप्तरात तयार होत. वसईच्या तहानंतरची पेशवाई आणि तैनाती फौजेच्या छायेतील आपली संस्थाने ज्यांनी इतिहासात वाचली आहेत, त्यांस या व्यवस्थेचा उलगडा करण्याची गरज नाही. शिक्का धन्याचा, लेखणी दुसऱ्याची आणि दूषण पुन्हा धन्याच्याच नावे, हे तिचे सर्वत्र एकच सूत्र.

या चौकटीत राहूनही खलिफांनी आपल्या पदाला एक प्रतिष्ठा मिळवून दिली, हे मान्य केलेच पाहिजे. 20 सप्टेंबर 1914 रोजी जर्मनांच्या ‘कोनिग्सबर्ग’ने झांझिबारच्याच बंदरात ‘पेगॅसस’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडविली, आणि त्यानंतर लवकरच तुर्कस्तानचा खलिफा इंग्रजांविरुद्ध युद्धात उतरला. अशा वेळी पूर्व आफ्रिकेतील मुसलमानांनी शांत राहावे यासाठी सय्यद खलिफांनी आपले वजन खर्च केले. ते स्वतः इबादी पंथाचे, प्रजा बहुतांशी शाफी सुन्नी, व्यापारी खोजे, बोहरे, भाटिये, पारशी आणि कारकून व वादक गोव्याचे; पण कोणत्याही पंथाच्या उत्सवास वा दुःखास त्यांनी परके मानले नाही, अशीच त्यांची ख्याती आहे. राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवास 1936 साली त्यांच्या तसबिरीची टपाल तिकिटे निघाली. षष्ठ जॉर्ज व एलिझाबेथ राणी यांच्या राज्याभिषेकांस ते लंडनला गेले. मानाचे किताब मिळत गेले. साम्राज्याला असा पाहुणा हवाच असतो, कारण त्याच्या शालीनतेमुळे साम्राज्यच शालीन दिसते.

नगराबाहेर पडून लवंगेच्या बागांत शिरल्यावर या राज्याचा आर्थिक पाया कळतो. लवंग या बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आली, आणि झांझिबार व त्याहून अधिक पेंबा या बेटांनी जगाच्या लवंगेचा फार मोठा वाटा पुरविला. बागा अरब जमीनदारांच्या, श्रम प्रथम गुलामांचे आणि 1897 साली गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपल्यावर मजुरांचे व कुळांचे, आणि भांडवल हिंदी सावकारांचे. लवंगेचा भाव कोसळला की बागा गहाण पडत. 1934 साली अरब व आफ्रिकी लोकांच्या जमिनी हिंदी सावकारांकडे जाऊ नयेत म्हणून फर्माने निघाली, आणि पुढे लवंग खरेदीचा मक्ता बागाईतदारांच्या संघाकडे सोपविण्यात आला. हिंदुस्थान सरकारने चौकशीसाठी के. पी. एस. मेनन यांना पाठविले. काँग्रेसने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला आणि 1937-38 मध्ये मुंबईच्या मसाल्याच्या बाजारात तो असा पाळला गेला की 1938 साली सरकारला तडजोड करावी लागली. या साऱ्या प्रकरणात फर्माने सुलतानांच्या नावे होती, धोरण वसाहत खात्याचे होते आणि वैर मात्र अरब व हिंदी या शतकभर एकमेकांवर विसंबून राहिलेल्या शेजाऱ्यांत पेरले गेले. ऋणको व धनको या दोघांचाही सन्मान ज्याच्याकडे होता, त्या एकमेव पुरुषाला मध्यस्थीचा खरा अधिकार नव्हता, ही त्या प्रसंगातील सर्वांत खेदाची गोष्ट होय.

जुन्या नगराच्या पूर्वेस, पूर्वी खाडी असलेल्या जागेपलीकडे, न्गाम्बो ही वस्ती आहे. प्रवासी तेथे क्वचितच जातात. मी मुद्दाम गेलो. मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज, बंदरावरील हमाल, शिंपी, मासेविक्रेते, अशा कष्टकऱ्यांनी ही वस्ती उभारली. घर आपले आणि जमीन दुसऱ्याची, अशी त्यांची स्थिती असल्याने भुईभाडे वाढले तेव्हा 1928 साली त्यांनी ते देण्याचे नाकारून मोठा संप केला. त्याच वर्षी याच वस्तीशी जिचे नाव जोडलेले आहे ती सिती बिंती साद ही गायिका मुंबईस जाऊन ग्रामोफोनसाठी गायली, आणि मुंबईत मुद्रित झालेल्या त्या तबकड्यांनी स्वाहिली भाषेतील गाणे पूर्व आफ्रिकेच्या घरोघरी पोहोचविले. तिचा जन्म गुलामांच्या वंशातील गरीब घरात झाला होता. राजवाड्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो, न्गाम्बो दिसत नाही. आणि झांझिबारचे भवितव्य न्गाम्बोतच आकार घेत होते.

असे असूनही खलिफांविषयी कडवटपणा मला कोठेच आढळला नाही. जुन्या नगरातील एका वृद्ध बोहरी दुकानदाराने, मी हिंदुस्थानातून आलो आहे असे कळताच, आग्रहाने बसवून घेऊन लवंग घातलेला चहा पाजला आणि आपल्या बालपणीच्या आठवणी गुजराती वळणाच्या हिंदीत सांगितल्या. सायंकाळी सुलतान मोटारीतून फेरफटक्यास निघत, मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवीत आणि ते प्रत्येकास प्रत्युत्तर देत. “भाईसाहब, वे थे तब तक हम सब एक थे,” असे म्हणून तो थोडा वेळ थांबला आणि मग म्हणाला, “बाद में सब गिनती करने लगे, कौन अरब, कौन हब्शी, कौन हिंदी.” याच काळात याच नगरात, उच्च न्यायालयात रोखपाल असलेल्या एका पारशी गृहस्थाच्या घरी 1946 साली जन्मलेला फारूख बलसारा नावाचा मुलगा पुढे आपल्या पाचगणीला शिकला आणि फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगास ठाऊक झाला, एवढ्या विविध कुळांचे लोक त्या लहानशा नगरात सुखाने नांदत होते.

पण ही गणती खलिफांच्या हयातीतच सुरू झाली होती. 1948 साली गोदी कामगारांचा संप झाला. 1951 साली विमानतळासाठी गेलेल्या जमिनी आणि गुरांना सक्तीने टोचल्या जाणाऱ्या लशी यांमुळे चिडलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. 1954 साली ‘अल-फलक’ या अरब पत्राच्या चालकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. 1957 साली प्रथमच विधिमंडळाच्या 6 जागांसाठी निवडणूक झाली आणि तिच्यात सुलतानांवर निष्ठा सांगणाऱ्या राष्ट्रीय पक्षास एकही जागा मिळाली नाही. संस्थापक शेतकऱ्यांनी ज्या पक्षाच्या नावातच सुलतानांची रयत म्हणून स्वतःस गौरविले होते, त्याच पक्षाकडे आफ्रिकी जनता अरबांचा पक्ष म्हणून पाहू लागली. वृद्ध सुलतान तो पक्ष आणि ती जनता या दोहोंसही आशीर्वाद देत राहिले. याहून अधिक देण्यासारखे त्यांच्यापाशी काही उरलेले नव्हते.

ते गेल्यावर त्यांच्या मागून आलेले त्यांचे पुत्र अब्दुल्ला व्याधिग्रस्त होते. 1 जुलै 1963 रोजी तेही वारले. दरम्यान 1961 च्या निवडणुकीत दंगल होऊन 68 माणसे मृत्यू पावली. नातू जमशीद यांच्या काळात 10 डिसेंबर 1963 रोजी इंग्रजांचे संरक्षण संपले, आणि 12 जानेवारी 1964 रोजी, म्हणजे अवघ्या पाच आठवड्यांत, क्रांतीने गादीही संपविली. हजारो अरब व हिंदी प्राणांस मुकले, त्याहून अधिक परागंदा झाले. जमशीद जहाजावरून निसटले, इंग्लंडात जवळजवळ साठ वर्षे राहिले, 2020 साली ओमानला परतले आणि 2024 च्या डिसेंबरात मस्कत येथे निवर्तले.

राजवाड्याला लागून असलेल्या दफनभूमीत खलिफांच्या कबरीपाशी उभा असताना मी त्यांचा न्याय माझ्या मनाशी करून पाहिला. ते सज्जन होते, सहिष्णु होते, निर्लोभ होते. आणि ज्या राजाला तोफांच्या धाकाखाली गादी मिळाली त्याच्याकडून बंडाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, हेही खरे. तथापि त्याच साम्राज्याच्या छायेत आपल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली आपल्या हाताने राजसत्ता प्रजेच्या पंचायतींस अर्पण केली होती. औंधाएवढी मोकळीक झांझिबारात नव्हती, परंतु तीन पिढ्या ज्यांच्या शब्दास मान देत आल्या त्या वृद्धाने तो शब्द न्गाम्बोतील कुळांसाठी आणि जमिनीच्या मालकीसाठी वेळीच खर्च केला असता, तर त्याचे मोल कोणत्याही फर्मानाहून अधिक ठरले असते. त्यांनी तो शांततेसाठी राखून ठेवला, आणि ती शांतता त्यांच्याबरोबरच गेली. लोकांचे प्रेम ही राजाची वैयक्तिक मिळकत असते. ती वारसांच्या नावे करता येत नाही. प्रजेला हक्क दिले तरच ते प्रेम संस्थेत उतरते. परसत्तेचे संरक्षण सिंहासनाला प्रजेपासून दूर सुरक्षित ठेवते, म्हणूनच ते काढून घेतले जाते त्या दिवशी त्या सिंहासनाला आपले म्हणणारे कोणी उरत नाही. खलिफा बिन हारूब यांच्या दीर्घ आणि निष्कलंक कारकिर्दीचा, माझ्या मते, हाच एक कठोर धडा आहे.